बोरखडीच्या गिरणीचा शाफ्ट

आबाराव ओव्हाळ लेथ शिकला तो सोलापुरात, एका कापड गिरणीच्या वर्कशॉपात. बाप ज्ञानोबा तिथंच हमाली करायचा. बाप गेला, आई पुतळाबाई गावाकडं बौद्धवाड्यात एकटी पडली, तसा आबाराव पेटी उचलून बोरखडीला परत आला. बोरखडीजवळच्या वाशीत तेव्हा शेतकऱ्यांच्या एका संघानं इंजिनं आणि पंप दुरुस्त करायला पत्र्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप काढलं होतं. तिथल्या एकुलत्या एका लेथवर तो टर्नर म्हणून लागला. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा. बोलायला कमी, पण काम हातात घेतलं की जेवणाचा डबा तसाच राहायचा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा बोरखडीच्या रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. जनावरं वाशीच्या छावणीत, माणसं रस्त्याच्या कामावर. बाया दिवसभर खडी फोडायच्या आणि घरी येऊन, फोड आलेल्या हातांनी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी जात्यावर दळायच्या. गावात पूर्वी एक खासगी गिरणी होती. तिथं बौद्धवाड्याचं दळण सगळ्यांच्या शेवटी पडायचं; उशीर झाला की तसंच माघारी यायचं. पण दुष्काळात मालक गिरणी विकून निघून गेला आणि तेवढाही आधार संपला.

मग गावच्या सोसायटीनं स्वतःची गिरणी काढायचं ठरवलं. चेअरमन होते महांतप्पा, म्हातारे, हट्टी, पण शब्दाचे पक्के. त्यांनी एक जुनं इंजिन मिळवलं. एकाच इंजिनावर पिठाची गिरणी, डाळीचं यंत्र आणि मिरची कांडायचा डंका, असा त्यांचा बेत. त्यासाठी एक लांब शाफ्ट हवा होता: इंजिनानं तो फिरवायचा आणि त्याच्यावरच्या पुल्यांनी पट्टे ओढून तिन्ही यंत्रं चालवायची. पुल्या मागंपुढं सरकवता याव्यात, पण शाफ्टवर नुसत्या घसरू नयेत, म्हणून त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चावीची, म्हणजे पुली अडकवणाऱ्या लोखंडी पट्टीची, खाच पाडायची होती. महांतप्पांनी सोलापूरहून दोन सळया आणल्या. आरशासारख्या चकचकीत. थंडपणीच रुळांतून दाबून काढलेलं ते पोलाद. मापाला इतकं बरोबर, की वरून कातायचीही गरज नव्हती.

"निस्ती खाच पाड," महांतप्पा म्हणाले. "पुढच्या बाजारपातुर गिरणी सुरू झाली पायजे."

आबारावनं सळई लेथवर बांधली आणि आडवं हत्यार मागंपुढं ओढत, थोडं थोडं खरवडत खाच पाडली. खाच झकास उतरली. पण सळई सोडून त्यानं सरळ पट्टीवर ठेवली, तर मधे उजेड दिसायला लागला. शाफ्ट धनुष्यासारखा वाकला होता. ना तो पडला होता, ना कुठं आपटला होता.

त्यानं तो लाकडी ठोकळ्यांवर ठेवून ठोकून सरळ केला. पट्टी लावली, सरळ. बैलगाडीत घालून बोरखडीला नेला, बसवला. गिरणी सुरू झाली, बाया पाट्या घेऊन आल्या. चार-पाच दिवसांतच शाफ्ट पुन्हा वाकून थरथरायला लागला, तो ज्यांत फिरायचा ते बुश तापले आणि पट्टा उडून भिंतीवर आदळला. कुणाला लागलं नाही एवढंच. गिरणी बंद पडली.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. बब्रुवान नावाचा एक पंच मोठ्यानं म्हणाला, "म्या आदीच सांगत हुतो. ह्येंच्या हातात असली कामं कशाला द्यावीत? सोलापूरला धाडा."

'ह्येंच्या' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं. आबाराव खांबाला टेकून उभा होता. महांतप्पांकडं बघून म्हणाला, "अप्पा, दुसरी सळई हाय. मला आठ दिस द्या. का वाकतंय ते कळल्याबिगर म्या तिला हात लावणार न्हाय."

महांतप्पांनी पानाची पिंक टाकली. "आठ दिस. पर नंतर सोलापूर."

घरी पुतळाबाई जात्याशी बसली होती. जात्याचा खुंटा तिनं चिंधी गुंडाळून धरला होता. "झालं का रं?" तिनं विचारलं. "न्हाय," तो म्हणाला, आणि खुंट्याला दुसऱ्या बाजूनं हात लावून तिच्यासोबत दळायला बसला. त्याला राग बब्रुवानचा नव्हता. आपण नीट केलेलं काम आपल्याच हातात वाकलं, ते त्याला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात त्यानं पहिल्या सळईचा, जादा म्हणून आधीच कापून ठेवलेला हातभर तुकडा घेतला. तो शिकंज्यात धरला आणि हातकरवतीनं उभा, मधोमध चिरायला लागला. तास-दीड तास गेला. करवत अर्ध्यात पोचली, तशा दोन्ही फाका आपोआप एकमेकींपासून लांब जायला लागल्या, वाळलेली तुरीची शेंग उकलावी तशी. तो करवत थांबवून बघत राहिला. मग भंगारातला, भट्टीत तापवून लाटलेल्या काळ्या सळईचा तुकडा त्यानं तसाच चिरला. त्याच्या फाका जागच्या हलल्या नाहीत.

आता त्याला कळलं. थंड पोलाद रुळांखाली दाबताना वरच्या थरात ओढ राहून जाते. चहूबाजूंनी ती सारखी असते, तोवर सळई सरळ दिसते. एका अंगाची साल काढली, की त्या अंगाची ओढ सुटते आणि दुसरं अंग तिला ओढून घेतं. आणि ठोकून सरळ करणं म्हणजे आत आणखी एक ओढ भरणं. सोलापूरच्या मिस्त्रीनं एकदा जाता जाता म्हटलं होतं, की असला माल आधी भाजून घ्यावा. तेव्हा ते कानावरून गेलं होतं.

पण सहा फुटांची सळई भाजायची कुठं? गावच्या धोंडप्पा लोहाराकडं तो गेला. धोंडप्पानं डोकं हलवलं. "माझ्या भात्यापुढं एका वक्ताला इतभर लाल व्हतंय. एक टोक तापवू, तवर दुसरं गार. ही समदी एकाच टायमाला, सारकी तापाया पायजे."

"कुंभार आवा लावतोय तसं केलं तर?" आबाराव म्हणाला. "चर खणायचा. खाली वाळू, वर सळई, भवती गोवऱ्या. हळूहळू जळू द्यायचं अन् राखंतच गार होऊ द्यायचं."

धोंडप्पा विचार करून म्हणाला, "व्हईल. पर वाळू सपाट पायजे. तापलेलं लोखंड आपल्याच वजनानं झोका खातंय. अन् गोवऱ्या गाडीभर लागत्याल. गोठं तर मोकळं पडल्यात, कुठनं आणशील?"

ते बोलणं गजराबाईनं ऐकलं. ती धनगराची, शेजारच्या आळीतली, खडीच्या कामावर बायांची मुकादम. कोयता धार लावायला आली होती. "गिरणीसाठी पायजेत का?" तिनं विचारलं. आबारावनं मान हलवली. "मग आमाला इचारायचं. लोहाराला काय इचारतोस?"

तिनं दुसऱ्या दिवशी खडीवर बायांना सांगितलं. कुणी माळवदावरच्या जुन्या गोवऱ्या काढल्या, कुणी चुलीपुरत्या ठेवून बाकीच्या दिल्या. छावणीत ज्यांची जनावरं होती, त्यांनी तिकडून वाळलेलं शेण आणलं. सगळ्या आळ्यांतून पाट्या आल्या, बौद्धवाड्यातूनही. माळावर त्यांचा ढीग लागला, तेव्हा कुठली गोवरी कुठल्या घरची हे ओळखायला कुणाला जमलं नसतं.

सकाळी चर पेटवला. धूर खाली बसला, आग आतल्या आत धुमसत राहिली. दुपारी आबारावनं काठीनं राख बाजूला सारून बघितलं. सळई अंधुक लाल झाली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. "पुरे," धोंडप्पा म्हणाला. दोघांनी वरून राखेचा आणि मातीचा थर दिला आणि ती तशीच ठेवली. आबारावला उकरून बघायची घाई होती. धोंडप्पानं दोनदा त्याचा हात धरला.

राख हाताला गार लागली, तेव्हाच सळई काढली. चकाकी गेली होती, अंगावर काळी पापडी आली होती. बब्रुवान बघायला आला होता. "वाटूळं केलं की मालाचं," तो पुटपुटला. आबारावनं आधी टोकाचा एक छोटा तुकडा कापून, चिरून बघितला. फाका जागेवर राहिल्या. मग त्यानं लेथवर पापडी हलक्या हातानं कातून काढली, शाफ्ट जेवढा बारीक झाला त्या मापाचे बुश केले आणि खाच पाडली. शेवटी शाफ्ट पट्टीवर ठेवला. उजेड दिसला नाही. तो फिरवून फिरवून बघत राहिला. कुठंच दिसला नाही.

बसवायला नेण्याआधी तो महांतप्पांच्या घरी गेला. अंगणातच उभा राहिला. "अप्पा, एक बोलायचंय. सोसायटीची गिरणी हाय. आमीबी सभासद हाव. रांग एकच पायजे. जो आदी येईल त्यो आदी दळंल."

महांतप्पांनी पानाला चुना लावायला घेतला. आतून त्यांची सून सत्यभामा, जी एरवी दारात येत नसे, ती उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मामंजी, गोवऱ्या घेताना कुणी रांग लावली न्हवती."

म्हातारा हसला, मग खोकला. "गावात चार माणसं बोंबलतील."

"बोंबलू द्या," आबाराव म्हणाला. "म्या हाय की."

"तू कशाला? चेअरमन म्या हाय," महांतप्पा म्हणाले. "जा, शाफ्ट बसव."

गिरणी सुरू झाली त्या दिवशी महांतप्पा स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. बब्रुवानच्या घरची माणसं पाटी घेऊन आली, पुतळाबाईच्या मागं उभं राहायला लागेल हे बघून परत गेली. आणखी एक-दोन घरं गेली. बाकीची थांबली, ऊन होतं, मिलो डोक्यावर होती आणि घरी जात्याशी जायची कुणालाच इच्छा नव्हती. आठवड्याभरात गेलेलीही परत आली. बब्रुवान तेवढा स्वतः कधी रांगेत उभा राहिला नाही; दळण घेऊन शेवटपर्यंत दुसऱ्याच कुणाला तरी पाठवायचा. शाफ्ट मात्र शांत फिरत राहिला.

त्या दिवशी पुतळाबाई गरम पिठाची पाटी घेऊन घरी आली. भाकरी झाल्या, भांडी झाली, आणि अजून दिवस मावळायचा होता. ती दारात येऊन बसली. थोड्या वेळानं उठली, परत बसली. "आता काय करू रं?" तिनं आबारावला विचारलं. तो म्हणाला, "बस की निवांत." तिला ते शिकायला बरेच दिवस लागले.

पुढं पाऊसपाणी सुधारलं. आबारावनं चांगुणाशी लग्न केलं. ती सातवी शिकलेली, चौकस. ऐंशीच्या सुमारास त्यानं बँकेच्या मदतीनं वाशीत स्वतःची लेथ घेतली. डबा घेऊन येता येता चांगुणाच मशीन शिकली. आधी ड्रिल, मग लेथ. ढोकीच्या उसाच्या ट्रॅक्टरांचे, भूमकडच्या पंपांचे शाफ्ट तिथं यायला लागले. एकदा भूमचा एक शेतकरी चकचकीत सळई घेऊन आला आणि चांगुणाला म्हणाला, "मालक कुठं हायती? निस्ती एक खाच मारायची, लगेच पायजे."

चांगुणानं सळई हातात घेऊन उजेडात फिरवली.

"मालक गावाला गेल्यात. काम म्याच करते," ती म्हणाली. "पर लगेच न्हाय व्हायचं. बसा, च्या घ्या, का ते सांगते."