विठोजी टेलरची साक्ष

विठोजी टेलर जन्मात कुणाचे मिंधे राहिले नाहीत. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आपल्या वीतभर दुकानात बसून त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं. पण ऐकून घ्यावंच लागे. त्यांच्या ब्लाउजसाठी बायका दोन-दोन बस बदलून येत.

१९९४ साली त्यांचा एकुलता एक मुलगा सूर्यकांत यशवंतपूरच्या कारखान्यातून घरी येताना भरधाव लॉरीखाली गेला. लग्नसुद्धा व्हायचं होतं त्याचं. दुकानाला कुलूप लागलं. म्हातारा खचला, असं लोक म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

पोलिसांतली फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असं सगळं गोळा करून नात्यातल्या बिंदुमाधव वकिलांनी भरपाईचा दावा लावला. साक्षीआधी त्यांनी बजावलं, की आईबाप मुलाच्या जिवावर जगत होते हे कोर्टाला पटलं नाही, तर हाती फारसं काही लागणार नाही. विठोजी उखडले. असलं बोलायला आपली जीभ रेटणार नाही म्हणाले. त्यांची बायको कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या, की एकदा घरातले डबे उघडून बघा.

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलानं गोडीगुलाबीनं विचारलं, तुमचं दुकान आहे, एवढं नाव आहे, मग मुलाचा आधार कसला? धीर द्यायला गल्लीतली माणसं येऊन मागे बसली होती. विठोजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बिंदुमाधवांनी आशा सोडली.

“दुकान तोच चालवत होता, स्वामी,” विठोजी शेवटी न्यायाधीशांना म्हणाले. “तीन वर्षं झाली, मला जवळचं स्वल्पच दिसतं. सकाळी सुया ओवून ठेवून तो कामावर जायचा. संध्याकाळी ओव्हरटाइम आहे असं आईला सांगून दुकानात यायचा, आणि माझी वाकडी शिवण उसवून परत शिवायचा. नाव तेवढं माझं होतं.”

विमा कंपनीचे वकील पुढचा प्रश्न न विचारताच खाली बसले.

बाहेर आल्यावर बिंदुमाधव हरखून म्हणाले, की अण्णा, दावा आता आपलाच, पण हे मला आधी का नाही सांगितलं?

विठोजी पायरीवर बसून लहान मुलासारखे रडत होते.

“सूर्याला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून,” ते म्हणाले. “पोरानं मरेपर्यंत पाळली. मीच मोडली.”