तीन पायांची पेटी

काकांना मी कधी दोन्ही मांड्या घालून जेवताना पाहिलं नाही. एक मांडी घातलेली, दुसरा गुडघा वर, डोक्याला पागोटं तसंच आणि डोळे दाराकडे. एक भाकरी संपायच्या आत ते तीनदा उठायचे. एकदा बैल ओरडला म्हणून, एकदा कुणी हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून आणि एकदा कशासाठी उठलो ते विसरून परत यायचे. काकू चुलीपुढून म्हणायची, "पायाले भिंगरी बांधूनच जल्मले हे." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे, "बसला तो फसला." मग ताटातला उरलेला तुकडा उभ्यानंच तोंडात टाकून ते बाहेर पडायचे.

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ. मी दीड वर्षाची असताना महामारीत माझे आईवडील आठ दिवसांच्या अंतरानं गेले. काकाकाकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला वाढवलं आणि कधी उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

लहानपणी मला एकच नाद. विचारायचं, "काका, माहा बाप कसा दिसे?" काका म्हणायचे, "नाक पाह्य, असं पोपटाच्या चोचीवानी." दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं की सांगायचे, "नाक? बसकंच होतं वं गोदे. डोये मोठे होते." कधी बाप उंच असायचा, कधी बुटका. एकदा मी रागावून म्हणाले, "तुमी खोटं बोलता." काका तडक उठले आणि गोठ्यात निघून गेले. ते चेष्टा करतात असंच मला वाटायचं.

मी नऊ-दहा वर्षांची झाले आणि मुलखात कापसाचं वेड आलं. साता समुद्रांपलीकडे अमेरिका म्हणून देश आहे, तिथे लढाई जुंपली आहे, तिथला कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आहे, असं लोक सांगत. ज्यांनी जन्मात गावची शीव ओलांडली नव्हती ते पारावर बसून अमेरिकेची चौकशी करू लागले. लढाई लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारेही होते. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. काकांनी काही बसवलं नाही, पण पाखऱ्या नावाच्या आपल्या टट्टावर बसून ते दर आठवड्याला अकोल्याला जाऊ लागले. भाव चढला तरी त्यांना चैन नसे आणि उतरला तरी नसे. घरी आले की ओटीवर येरझाऱ्या घालायचे आणि काकू म्हणायची, "अकोला पायाखालीच आणलं का इथं?"

अशाच एका फेरीत त्यांनी एका दलालाच्या गादीवर तसबीर पाहिली. घरी आले ते पागोटं न उतरवताच सांगू लागले, "कागदावर माणूस उतरवते तो तसबीरवाला. चितारत नाई वं, उतरवते. कोटाची गुंडी तुटली होती तं तुटकीच आली. मेला तरी माणूस तिथं तसाच राह्यते." काकू म्हणाली, "भूतच म्हना की." काका हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवताना एकदाही उठले नाहीत, म्हणून मला ही गोष्ट पक्की आठवते.

पुढल्या वर्षी माझं लग्न अमरावतीच्या घरी ठरलं आणि काकांनी खर्चाचा अंदाज मांडायला घेतला. त्यांना आकडे येत, अक्षरं येत नसत. म्हणून त्यांनी ओटीची पांढरी भिंत धरली आणि कोळशानं चित्रं काढली. मोठं भांडं म्हणजे जेवणावळ, ढोल म्हणजे वाजंत्री, झाड काढून त्याला ठिणग्या म्हणजे दारूकाम, घडी घातलेलं लुगडं म्हणजे कापडचोपड. प्रत्येक चित्रापुढे रुपयांचा आकडा. सगळ्यांत खाली तीन पायांची पेटी काढलेली होती. गावात कुणालाच ती ओळखता येईना. काकांनी सांगितलं, मुंबईचा एक तसबीरवाला दलालांच्या तसबिरी काढायला अकोल्यात उतरला आहे, त्याला लग्नाला आणायचं, विसार देऊन झाला. पेटीपुढचा आकडा पाहून काकूनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात एक बरी बैलजोडी आली असती. तेवढ्या मोलात तो दोन काचा घेऊन येणार होता, कारण तसबीर आधी काचेवर धरतात आणि मग कागदावर उमटवतात.

दर आठवड्याला अकोल्याहून आले की काका ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे उभे राहायचे. भाव चढला की ढोल मोठा व्हायचा, भांड्याशेजारी लाडवांची रास उभी राहायची. उतरला की पुन्हा पुसापुशी. माझं लग्न कसं होणार ते मला रोज भिंतीवर दिसायचं आणि रोज बदलायचं. एका आठवड्यात अमरावतीचा बँडवाला आला आणि पुढच्या आठवड्यात पुसला गेला. पेटी मात्र तिथेच होती. तिच्यावरून फडकं कधी फिरलं नाही.

होळीनंतर भाव गडगडला. अमेरिकेतली लढाई मिटत आली म्हणे. पारावरच्या लोकांनी ज्या मारुतीला नारळ फोडले त्यालाच शिव्या घातल्या. काकांनी दारूकाम पुसलं, लाडू पुसले, स्वतःचं नवं पागोटं पुसलं. तरीही बेरीज जमेना. तेव्हा काकूनं फडकं स्वतःच्या हातात घेतलं.

"आता ते खालचं पुसू द्या," ती म्हणाली. "तसबीर काय खाची हाय का? लोकाईले जेवाले लागते."

"पुसू नोको."

"काहून? साऱ्या गावाले कोंड्याची भाकर वाढता, अन् त्या पेटीवाल्याले बैलजोडी?"

मी दाराआड होते. काका म्हणाले, "दादाचं तोंड मले आठवत नाई. आवाज येते कानात, चाल आठवते, हात आठवते. तोंड येत नाई. पोरगी इचारते अन् मी मनाचं काईबी सांगतो. ते आता परक्या घरी चालली. तिचंबी तसंच झालं तं मी काय करू?"

काकूनं फडकं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी काका पाखऱ्यावर बसून अकोल्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी पायी परत आले. "टट्टू इकलं," ते म्हणाले. "दाने खाऊन रायलं होतं फुकट." मग परड्यात जाऊन त्यांनी पाखऱ्याचा खुंटा उपटून टाकला. मला रडू आलं, तर माझ्यावरच खेकसले.

तसबीरवाल्याची एक अट होती. बारा अंक मोजून होईपर्यंत हलायचं नाही, नाहीतर माणसाचा धूर उमटतो. लग्नाआधी आठ दिवस काका परड्यात लिंबाखाली उभं राहण्याचा सराव करत. काकू शेंगा सोलता सोलता मोजायची. पाचाला मान हलायची, सहाला पाय. "वाघाले बांधून ठेवनं सोपं हाय," ती म्हणायची. आठाच्या पुढे ते कधी गेले नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी तसबीरवाला दमणीतून उतरला. पेटी उतरवली, औषधांच्या बाटल्या उतरवल्या, बैलांना सावलीत बांधायला लावलं आणि मुहूर्त विचारला. काका म्हणाले, "गोरज."

"म्हणजे सूर्य मावळताना?"

"हो. गाई घरी येतात तवा."

तसबीरवाला बाजेवर बसला. "अहो, पेटीला ऊन लागतं," तो म्हणाला. "तिन्हीसांजेला मी काय उतरवू? आणि पहाटे मला परत निघायचं आहे, उद्या अकोल्यात काम घेतलंय."

काकांनी भिंतीवर सगळं मांडलं होतं. दमणीचं भाडं, बैलांची वैरण, तसबीरवाल्याचं दूध. सूर्य तेवढा मांडायचा राहिला होता. आमच्याकडे लग्न गोरजेला लागतं हे ते इतकं धरून चालले होते की सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता ते मांडवातून भटजींकडे, भटजींकडून वऱ्हाडाच्या जानोशाकडे, जानोशाहून तसबीरवाल्याकडे पळू लागले. भटजी म्हणाले, मुहूर्त हलणार नाही आणि मुहूर्ताआधी नवरानवरीची दृष्टभेट होणार नाही. वरपक्ष म्हणाला, भटजी म्हणतील ते. तसबीरवाला म्हणाला, ऊन डोक्यावरून ढळलं की मी पेटी आवरतो. मला वाटलं, पाखऱ्या उगाच गेला.

चौथ्या खेपेला काका भटजींपुढे थांबले, म्हणजे काकांच्या मानानं थांबले. म्हणाले, "दृष्टभेट नको ना? मंग आंतरपाट आत्ताच धरू. हे दोघं एकामेकाले दिसनार नाईत. पेटी बाजूनं ठेवू, तिले दोघंबी दिसतीन. मंत्र तुमचे संध्याकायी म्हना."

भटजींना शास्त्रात याच्या विरुद्ध काही सापडेना. मग भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात, हळदीनं माखलेले आम्ही दोघं मांडवाबाहेर आंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. कापडाचं अलीकडचं टोक एका बांबूला बांधलं, पलीकडचं काका धरून उभे राहिले. नवऱ्याचे फक्त पाय मला दिसत होते आणि ते भाजत असावेत, कारण तो आळीपाळीनं एकेका पायाची बोटं उचलत होता. तसबीरवाल्यानं मोजायला सुरुवात केली आणि काका बाराही अंक हलले नाहीत. झालं म्हटल्यावर त्यांनी असा श्वास सोडला की आंतरपाट फडफडला.

तसबीरवाला काच घेऊन सरकीच्या खोलीत शिरला. तिथे घोंगड्या टांगून अंधार केला होता. त्याच खोलीत गुळाच्या भेल्या होत्या आणि आचाऱ्याला गूळ हवा होता. काकूनं दार उघडलं. आतून तसबीरवाल्याचं ओरडणं ऐकू आलं आणि पहिली काच संपली. काकू गूळ हातात धरून तशीच उभी राहिली. "अजून एक हाय," एवढंच काका तिला म्हणाले आणि पुन्हा जाऊन आंतरपाटाचं टोक धरलं.

दुसऱ्या वेळी माझे पाय इतके भाजले होते, डोक्यावरची मुंडावळ इतकी टोचत होती, की मला भोवळ आल्यासारखं झालं. मी हलले नाही. पाखऱ्याची शपथ घातली होती मनातल्या मनात. सात म्हटलं तेव्हा काकांनी मान वळवली. पेटीकडे बघायचं सोडून ते माझ्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बारा झाले तरी ते बघतच होते.

तसबीर महिन्याभरानं अकोल्याहून आली. काकांनीच ती अमरावतीला आणली. हळदीचा पिवळा रंग पेटीला काळा दिसतो हे तेव्हा कळलं, कारण आम्ही दोघंही तव्यासारखे उमटलो होतो. जरा तिरका दिसणारा आंतरपाट स्वच्छ पांढरा, त्यावरचं स्वस्तिक काळं, नवऱ्याच्या पायाची बोटं धुरकट. मध्ये काकांचं धोतर आणि हात चांगले आले होते. खांद्यांवर मात्र पागोट्याखाली नुसता एक पांढुरका लोट होता. काका म्हणाले, "दोघंबी काये आले, म्हंजे जोडा जमला." स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. मी पाणी पुढे केलं तर हात जोडले. लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला मुलगा होईपर्यंत तीन वर्षं ते असेच येत राहिले, तेल्हाऱ्याहून अमरावतीपर्यंत, बहुतेक पायी. अंगणात उभे राहायचे, मला बघायचे, "बरी हायेस," म्हणायचे आणि वळायचे. बस म्हटलं की बसला तो फसला.

ते गेले तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणात होते. निरोप आला तोवर दहावाही झाला होता. काकू पुढे पुष्कळ वर्षं जगली. काकांचा विषय निघाला की ती एकच सांगायची, "पयल्या खेपेले हालले नव्हते ते. म्या पायलं." आणि मग गुळासाठी उघडलेल्या त्या दाराबद्दल स्वतःला बोल लावायची.

मला नवऱ्यानं अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहिता येतं आहे. लिहायचं कारण असं की परवा नातीनं तसबीर हातात घेतली आणि विचारलं, "आजी, हे कोण वं? हे धूर आलेले?" मी म्हटलं, ते माझे काका. "कसे दिसत?" मी म्हटलं, मिशा जाड होत्या, कपाळ मोठं होतं. आज तिनं पुन्हा विचारलं आणि मी सांगून गेले, मिशा बारीक होत्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तडक उठले आणि इथे येऊन लिहायला बसले.

आवाज येतो कानात. चाल आठवते, हात तर तसबिरीतही आहेत. तोंड येत नाही. पण तो लोट कुठल्या बाजूला वळला आहे ते नातीला मी बोट ठेवून दाखवलं. तिथे हळद लावलेली एक काळी पोरगी उभी आहे आणि काका तिच्याकडे बघत आहेत.