मी बसले की गणपती ग्लव्ह बॉक्समध्ये

सुलभाकाकूंनी डॅशबोर्डवरचा गणपती उचलला, रुमालात गुंडाळला आणि समोरच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. झाकण लावलं. मग बाहेर उभ्या असलेल्या मला म्हणाल्या, "हं, बस आता."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीटबेल्ट लावला. आरसे नीट केले. डॅशबोर्डवर सगळीकडे धूळ होती, फक्त गणपतीची जागा तेवढी स्वच्छ होती.

"काकू, गणपती?"

"अगं, तू ब्रेक किती जोरात मारतेस! पडायचा बिचारा."

मी हसले. त्याही हसल्या. मी गाडी सुरू केली.

हे हॅमिल्टनला झालं. मी तिथं मास्टर्स करत होते, सरकारच्या शिष्यवृत्तीवर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. परदेशात गेलेली तर वस्तीतच पहिली. सुलभाकाकू मूळच्या पुण्याच्या, कॅनडात येऊन त्यांना खूप वर्षं झाली होती. नवीन आलेल्या मराठी मुलींना त्या आपल्या जुन्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवायच्या. कुणाकडून काही घ्यायच्या नाहीत. लायसन्सची लेखी परीक्षा पास झाली तरी एकट्यानं गाडी चालवता येत नाही, शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस लागतं. आणि रोड टेस्टला गाडी आपली आपण न्यावी लागते. नवीन माणसाकडे गाडीही नसते आणि शेजारी बसणारं माणूसही नसतं. काकू दोन्ही द्यायच्या. म्हणून सगळ्या मुली त्यांना फार मानायच्या. मीही मानत होते. ते खोटं नव्हतं.

मला लायसन्स हवं होतं ते को-ऑपसाठी. को-ऑप म्हणजे शिकता शिकता काही महिने कंपनीत काम. मला गावाबाहेरच्या एका कारखान्यात जागा मिळाली होती. तिथं बस जात नाही. ऑफर देतानाच त्यांनी सांगितलं होतं, जानेवारीत रुजू होण्याआधी लायसन्स दाखवा. नाहीतर जागा दुसऱ्याला.

पहिल्या दोन-तीन वेळा गणपती जागेवरच होता. मी तेव्हा आतापेक्षाही जोरात ब्रेक मारायचे. तो पडला नव्हता.

मग एकदा लाल सिग्नलला उभे होतो. काकू सहज म्हणाल्या, "काय गं, तुमचं कुलदैवत कुठलं?"

हा प्रश्न मी ओळखते. आपल्याकडे आडनावावरून नीट कळलं नाही की हा प्रश्न येतो. विचारणारा गोड बोलतो आणि उत्तराकडे कान लावून बसतो. मी आधी समोर बघितलं. सिग्नल लालच होता.

"आमच्याकडे नाही, काकू. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या. "छान. इथं काय, आपल्याला सगळेच चालतात." थोडं थांबून म्हणाल्या, "तरीच म्हटलं. तुम्हाला काय, सरकारच पाठवतं. आमच्या भाच्याला पंच्याण्णव टक्के, पण त्याला लोन काढावं लागलं."

सिग्नल हिरवा झाला. "शोल्डर चेक, शोल्डर चेक! मान फिरव ना गं!" काकू ओरडल्या. मी मान फिरवली.

पुढच्या वेळेपासून गणपती रुमालात.

मला तेव्हा काय वाटलं, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. काहीच वाटलं नाही. खरंच. हात थंड पडले, पण तिथं नोव्हेंबरात सगळ्यांचेच पडतात. मी स्वतःला म्हटलं, ब्रेक हळू मारायला शिकलं पाहिजे. आणि मी शिकले. इतका हळू की काकूंच्या मांडीवरची पर्सही हलायची नाही. पॅरलल पार्किंग शिकले, दोन रिसायकलिंगचे डबे ठेवून त्यांच्या मधे. काकू म्हणाल्या, "वा! तुझा हात चांगला आहे हं." त्या तोंडभर कौतुक करायच्या. आणि गणपती तरीही आतच.

सायली माझी रूममेट. पुण्याची. एका बेसमेंटमध्ये आम्ही दोघी राहायचो. तीही काकूंकडेच शिकत होती. एकदा तिची शिकवणी संपवून तिघी मिळून ग्रोसरीला जायचं ठरलं, म्हणून मी मागच्या सीटवर बसले. सायलीनं गाडी काढली. काढताना कर्बवर, म्हणजे फुटपाथच्या कडेवर चढवली. धाडकन खाली आली. काकू म्हणाल्या, "अगं ए! टायर फोडशील, मग तुझ्या काकांना काय सांगू?" दोघी खळखळून हसल्या.

गणपती डॅशबोर्डवर होता. डुगडुगला आणि पुन्हा नीट बसला.

मी मागून बघत होते. मला दुकान येईपर्यंत दुसरं काहीच दिसलं नाही. दुकानात काकूंनी मला विचारलं, "कोथिंबीर घेऊ का गं तुमच्यासाठी?" मी म्हटलं, घ्या.

तरी मी शिकायला जात राहिले. याचं कारण साधं होतं. दुसरी गाडी नव्हती. ड्रायव्हिंग स्कूल शिष्यवृत्तीत बसत नव्हतं. मनात एकच हिशोब चालायचा. टेस्ट होऊ दे. फक्त टेस्ट होऊ दे.

सायली टेस्टला गेली आणि पहिल्याच फटक्यात पास झाली. तिनं गाडीत बसूनच फोटो काढला, हातात पासचा कागद, मागं गणपती. तो फोटो घरी पाठवायला तिनं कॉम्प्युटरवर टाकला तेव्हा मी शेजारी बसून केळं खात होते. "बाप्पामुळे झालं बघ," ती म्हणाली. मी मान हलवली.

मग माझा दिवस आला. सकाळी बर्फ पडून गेला होता. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलेलं होतं, सगळीकडे काळा चिखल. टेस्ट सेंटरच्या पार्किंगमध्ये काकूंनी गाडी लावली. आता आम्हाला जागा बदलायच्या होत्या. थोड्या वेळानं एक्झामिनर येऊन माझ्या शेजारी बसणार होता. काकूंनी पर्समधून रुमाल काढला.

मी ठरवून काही बोलले नाही. तोंडातून निघालं.

"काकू, राहू द्या ना तिथंच."

"काय?"

"गणपती."

"अगं, एक्झामिनरला आवडत नाही असलं काही समोर."

"सायलीच्या टेस्टला होता. फोटोत आहे."

काकू थांबल्या. रुमाल हातातच होता. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"हे बघ, मी जातबित काही मानत नाही हं. मानत असते तर तुला गाडीत घेतलं असतं का? पण देवाचं जरा वेगळं असतं. सासूबाईंनी त्यांच्या पूजेतला दिलाय हा. आणि तुम्ही तर देव मानतच नाही. मग तुला काय फरक पडतो, तो इथं असला काय आणि आत असला काय?"

वाइपर चालू राहिले होते, कोरड्या काचेवर घासत होते. काकूंनी ते बंद केले.

"देव तुम्ही कुठंही ठेवा," मी म्हटलं. "मला बघून हलवू नका."

"आत्ता, टेस्टच्या वेळी हे काढायचं का? डोकं शांत ठेव. चल, बस इकडे."

"तो समोर ठेवा. मी बसते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या हट्टी पोरीकडे बघावं तसं. मग त्यांनी गणपती उचलला, रुमालात घेतला, या वेळी वर गाठही मारली, आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. हेच त्यांचं उत्तर होतं.

"मग मी नाही बसत, काकू."

"वेडी आहेस का? आणि को-ऑपचं काय करशील?"

"माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. मी दार उघडलं आणि उतरले. आत जाऊन काउंटरवर सांगितलं, माझ्याकडे गाडी नाही. काउंटरवरच्या माणसानं खिडकीतून बाहेर बघितलं. काकूंची गाडी समोरच उभी होती. त्यानं मला पुन्हा विचारलं, "नो व्हेइकल?" मी म्हटलं, "नो व्हेइकल." त्यानं माझी टेस्ट रद्द केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आले तर काकूंनी काच खाली केली. "चल, घरी सोडते. केवढी थंडी आहे. आजारी पडशील." त्या मनापासून म्हणत होत्या. मी नको म्हटलं आणि बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बस आली, मी चढले, एका सीटवर बसले. बुटाला लागलेलं मीठ बघत राहिले.

मी बेसमेंटमध्ये पोचायच्या आधीच काकूंचा फोन सायलीला पोचला होता.

"अगं, किती वेळाची ती टेस्ट!" सायली म्हणाली. "तेवढा वेळ डोळे मिटून..." तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली.

"टेस्ट डोळे उघडे ठेवून द्यायची असते," मी म्हटलं.

"तसं नाही गं. मला कळतंय, काकूंचं चुकलंच. पण तुझं नुकसान कशाला? को-ऑप ऑफिसला सांग, थंडीत गाडी सुरूच झाली नाही. इथं होतं असं, सगळ्यांना माहितीये. मुदत देतील. काकू पण म्हणाल्या, कुणी विचारलं तर त्या पण तसंच सांगतील."

म्हणजे काकू माझ्यासाठी खोटंही बोलायला तयार होत्या. गणपती तेवढा समोर ठेवायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला. तिकडे पहाट होती. बाबा उठलेलेच असतात. ते एसटीच्या आगारात गाड्या धुतात.

"लायसन भेटलं का वं, बाई?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "काहून बोल्ली तू? लायसन हाती येऊ द्याचं होतं. आधी काम, मंग बोलाचं."

माझ्या बाबांना एसटी चालवता येते. धुवायला गाड्या मागंपुढं घेता घेता आगारातच शिकले. एकदा त्यांनी ड्रायव्हरच्या परीक्षेला बसतो म्हणून सांगितलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, तू धुतो चांगल्या, धुतच राहा. सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. बाबा गप्प राहिले, कारण नोकरी नवीन होती, मी लहान होते. पक्की होऊ दे, मंग बोलतो, असं आईला म्हणाले होते. नोकरी पक्की झाली. ते साहेब रिटायर झाले. बाबा अजून गाड्या धुतात.

मी बाबांना कधी उलट बोलले नव्हते.

"तुम्ही कवा बोलले, बाबा?"

तिकडे कुठंतरी पाण्याची कळशी ठेवल्याचं ऐकू आलं. कार्डातल्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, एक मिनिट शिल्लक आहे.

"जेवली का तू?" बाबांनी विचारलं.

"हो."

फोन कटला. मी जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी को-ऑप ऑफिसमध्ये गेले. तिथल्या बाई चांगल्या होत्या. कंपनीशी बोलून माझी जागा त्यांनीच मिळवली होती. टेस्ट दिली नाही असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "कार ट्रबल?" आणि वर सांगितलं, गाडीचाच प्रश्न असेल तर कंपनीला फोन करून थोडी मुदत मागता येईल, हिवाळ्यात ते समजून घेतात.

मला फक्त हो म्हणायचं होतं. त्यांनी वाक्यही तयार करून दिलं होतं. माझ्या बाजूनं सगळे होते, बाई, सायली, काकू, तिकडे बाबासुद्धा. सगळ्यांना माझं भलं हवं होतं. आणि त्या भल्याची अट एकच होती, जे झालं ते झालं नाही असं म्हण.

"नो," मी म्हटलं. "द कार वॉज फाइन."

मग मी सांगितलं. माझं इंग्रजी तुटक आहे, बोलताना अजून तुटलं. मी ज्या सीटवर बसते तिच्यासमोरून देव हलवतात, हे वाक्य इंग्रजीत कसं बनवायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बनवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "कदाचित गैरसमज असेल का?" असं विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, हे कारण त्यांना कंपनीला सांगता येणार नाही, कंपनीला ते कळणार नाही. मी म्हटलं, मला समजतंय.

जागा दुसऱ्या मुलाला गेली. मी जिन्यानं खाली आले. फक्त एवढं स्पष्ट कळत होतं की उद्या हेच सगळं पुन्हा माझ्यासमोर आलं तर मी हेच करीन.

लायसन्स मी काढणार. कुणाच्या गाडीवर, कसं, ते अजून माहीत नाही. पण आधी काम आणि बोलणं नंतर, हे आमच्या घरात बाबांपर्यंत झालं. मी नंतर बोलणार नाही. ज्या जागी होईल त्या जागी बोलेन, ज्यानं केलं त्याच्या तोंडावर बोलेन. त्यात काम गेलं तर जाईल.