तवकीर निळी पडली

मी जातीचाच संशयी. नेरळच्या शाळेत मास्तर होतो, पण पोराचं उत्तर बरोबर आलं की आधी शेजारच्याची पाटी बघायचो. मुंबईत वैद्यकी शिकणाऱ्या मेहुण्याने एकदा आयोडिनची बाटली दिली नि म्हणाला, "दुधात कुणी पीठ कालवलं असेल तर याच्या थेंबाने निळं होतं." झालं, माकडाच्या हाती कोलीत. गवळी मला बघून वाट बदलू लागला.

त्या साली दिवाळीनंतर आमची तीन वर्षांची मुलगी तापाने पार खंगली. भाताची पेजसुद्धा उलटायची. पोटात ठरायची ती फक्त तवकिरीची खळ. डोंगरावरची एक कातकरीण रानहळदीचे गड्डे किसून, पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन, तळाशी बसलेला साका वाळवून ही तवकीर आणायची. इतकं पांढरंशुभ्र काही कुणी सरळपणे विकेल, हे मला पटेना. चिमूटभर बशीत घेऊन थेंब टाकला. काळीनिळी पडली.

ती दारातच उभी होती. तिच्यासमोर मी सगळी तवकीर उकिरड्यावर ओतली आणि पोरीला विष घालतेस म्हणालो. तिने टोपली उचलली नि गेली.

दोन दिवस मुलीच्या पोटात पाण्याखेरीज काही राहिलं नाही. वैद्यबुवा नाडी बघून पुडी न बांधताच उठले. मला मात्र अजून चोरच शोधायचा होता. पेजेवर थेंब टाकला, निळी. वाण्यावर संशय घेतला. मग आमच्याच शेतातला, बायकोने स्वतः कांडलेला तांदूळ शिजवून बघितला. तोही निळा. आता बायको तेवढी राहिली होती.

तेवढ्यात भाचीला बघायला मेहुणा आला. बशी बघून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, तांदूळ काय नि तवकीर काय, मूळ पदार्थ एकच, पिष्ट. झाड साखरेचे कण जोडून जोडून ते करतं, आपलं पोट ते पुन्हा सुटे करतं, त्यावर आपण जगतो. दुधात ते नसतं, म्हणून तिथे निळं म्हणजे भेसळ. तवकिरीतून पिष्ट काढलं तर उरेल काय?"

"माज्या पोरीच्या तोंडचा घास तुमी उकिरड्यावर टाकलात," बायको म्हणाली. "आता तुमीच आणा."

लाजत लाजत डोंगर चढलो. कातकरीण झोपडीपुढे गड्डे किसत होती, तान्हं पोर मांडीवर. मी म्हणालो, "बाई, चुकलो. पोरगी हातची चाललीय."

ती उठली. पळसाच्या पानात तवकीर काढली. ओल्या बोटाने त्यातली थोडी आपल्या पोराच्या जिभेवर ठेवली, त्याने गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली, मग पान माझ्या हाती दिलं.

मुलगी जगली. पुढे महिनाभर ती बाई दारी तवकीर घेऊन येत होती, आणि मी नको नको म्हणत असताना दर खेपेला आधी स्वतःच्या पोराला चाटवत होती.