गोळेवालीची अदलाबदल

माझ्या थोरल्या मुलाला बास्केटबॉलचं वेड होतं. खेळायचं नव्हे, बघायचं. तो वॉटफर्डला राहायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. अमेरिकेतल्या मॅचेस रात्री टीव्हीखालच्या डब्यात भरून ठेवायचा आणि शनिवारी सकाळी चहाचा मग घेऊन बघत बसायचा. मी शेजारी बसायचे, कारण त्या घरात बसायला दुसरी जागा नव्हती.

नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलांनी मला इंग्लंडला आणलं. "सहा महिने ये, मग बघू," म्हणाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. दाखवली तिथे सही केली. व्हिसा कायमचा काढलाय हे मला इथे आल्यावर कळलं. गावी माझं दोन खोल्यांचं घर होतं. त्याची किल्ली माझ्या बटव्यात होती आणि पासपोर्ट थोरल्याच्या कपाटात, फायलीत. परत कधी जायचं विचारलं की तो म्हणायचा, "आई, आत्ता नको. पोरांच्या शाळेचं बघायला कोण?"

धाकटा स्लाऊला होता. दोन महिने मी वॉटफर्डला, दोन महिने स्लाऊला. दोन्ही घरांच्या मध्ये मोटरवेजवळ एक सुपरमार्केट होतं. त्याच्या कार पार्कमध्ये रविवारी दोन्ही गाड्या शेजारी लागायच्या. माझी बॅग एका डिकीतून दुसऱ्या डिकीत जायची. तेवढ्यात दोघे भाऊ बोलून घ्यायचे: गुडघ्याच्या गोळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहेत, डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी आहे, तिला फॅन हीटर लागतो. मी गाडीत बसून असायचे. थोरल्याच्या गाडीतून उतरायचं आणि धाकट्याच्या गाडीत बसायचं, एवढंच माझं काम.

एकटीने बाहेर जायचं नाही असं दोन्ही घरांत ठरलं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले आणि मागे दार आपोआप बंद झालं. चपला घालून, शालीशिवाय, मी शेजारणीच्या बुटक्या भिंतीवर दोन तास बसले. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिने हात केला, मीही केला. त्याच्यापलीकडे आमच्याकडे बोलायला भाषा नव्हती. सून आली तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. त्यानंतर बिनसुद्धा माझ्याकडे राहिला नाही.

तर बास्केटबॉल. सुरुवातीला मला फक्त उंच माणसं पळताना दिसायची. पण सारखी एकच गोष्ट समोर असली की माणूस ती बघायला शिकतो.

"हा बघ, आई. चोवीस पॉइंट्स!" थोरला त्याच्या लाडक्या खेळाडूकडे बोट दाखवायचा.

"आणि तो टकल्या? सगळ्यांत उंच?"

"तो? चार पॉइंट्स. टोटल वेस्ट आहे."

"तो बाकावर जाऊन बसला की तुझा चोवीसवाला चुकायला लागतो. बघितलंस का कधी?"

त्याने बघितलं नव्हतं. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर मोठे तक्ते होते, कोणाचे किती पॉइंट, किती चेंडू अडवले, सगळं रंगवून ठेवलेलं. तो टकल्या नुसता समोरच्याच्या वाटेत जाऊन उभा राहायचा. समोरचा त्याच्यावर आदळायचा, आणि तेवढ्यात चोवीसवाला मोकळा सुटायचा. आदळून घेतल्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

मला ते दिसलं, कारण माझं तेच काम होतं. गावात मी तीस वर्षं लग्नाच्या पोळ्यांची कामं घेतली. हजार पोळ्या, पंधरा बायका, पहाटेपासून दुपारपर्यंत. बायका निवडायच्या मी. नवी बाई आली की मी तिची पोळी बघायचे नाही. पोळी सगळ्यांना येते. तिला रांगेत मध्ये बसवायचे आणि तासाभराने शेजारणीचं पोळपाट कुठे सरकलंय ते बघायचे. जी शेजारणीला ढकलत ढकलत पसरते तिला पुढच्या लग्नाला बोलावणं जायचं नाही, मग तिची पोळी चांदीसारखी का असेना. आणि सगळ्यांत जपायची ती गोळे करणारी. एका मापाचे गोळे करून, लाटणारीचा हात रिकामा व्हायच्या आत तिच्या पोळपाटावर गोळा टाकणारी. ती अडली की पंधरा जणी अडतात. लग्नघरची माणसं मात्र लाटणारीचं कौतुक करतात, भाजणारीला साडी देतात. गोळेवालीला कोणी विचारत नाही.

"तुझा टकल्या म्हणजे गोळेवाली आहे," मी म्हणाले.

थोरला चहा सांडेपर्यंत हसला. "अगं आई, सात फुटी माणूस आहे तो! करोडो कमावतो!"

"कमावू दे. गोळेवालीच आहे."

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं. थोरला चिडवायला लागला, "तुझ्या गोळेवालीने आज तीनच पॉइंट केले हं." सून मला म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा यांच्या नादी लागलात?" लागले होते. दिवसभरात माझं मत कोणी विचारावं असं तेवढंच एक ठिकाण होतं.

फेब्रुवारीत त्या लोकांच्यात अदलाबदलीचा शेवटचा दिवस असतो. तोपर्यंत क्लब एकमेकांचे खेळाडू देतात-घेतात. थोरला सकाळी खुशीतच खाली आला. "आई, गोळेवाली गेली! बदल्यात एक तरुण पोरगा मिळाला, काय शूटिंग आहे त्याचं!"

"चूक केली तुझ्या क्लबने. देऊ नये असा माणूस होता तो."

"काय चूक? तो बत्तीसचा झालाय."

"त्याला विचारलं का?"

"कोणाला?"

"गोळेवालीला."

"विचारत नाहीत, आई. फोन येतो. बॅग भर, उद्या त्या गावाला हजर हो."

"बायकापोरं?"

"मागून जातात."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर बसून राहायचं, खेळायचं नाही. मग कधी कधी क्लब कंटाळतो आणि सोडून देतो. तसा सुटला की मोकळा, कुठेही जा."

त्याने मग मला सगळंच समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं तरच सौदा जमतो. दोघांचं जमत नसेल तर तिसरा क्लब मध्ये घेतात. तो उत्साहाने बोलत होता आणि मी माझ्या बॅगेचा विचार करत होते.

पुढच्या रविवारी कार पार्कमध्ये मी गाडीतून उतरून दोघांच्या मध्ये उभी राहिले. दोघे एकत्र सापडायची तीच एक जागा होती.

"दोघंही आहात म्हणून बोलते. विहीणबाईंना इकडे आणा आणि मला घरी पाठवा."

विहीणबाई म्हणजे थोरल्या सुनेची आई. नागपूरला शाळेत मास्तरीण होत्या, निवृत्त झाल्या होत्या, फाडफाड इंग्रजी बोलायच्या. त्यांना यायची हौस होती, पण खोली मी अडवून बसले होते.

"त्या पोरांचा होमवर्क घेतील. एकट्या बसने जातील. दार लागलं तर शेजारणीशी बोलतील तरी," मी म्हणाले. "तुम्हाला चांगलं माणूस मिळतंय, मला घर मिळतंय."

धाकटा हसला. "आई, तू काय प्लेअर आहेस का ट्रेड करायला?"

"मग ही डिकी कशाला उघडी आहे?"

थोरल्याने माझी बॅग उचलली होती, ती हातातच राहिली. मग तो म्हणाला, "आयडिया वाईट नाहीये."

महिनाभराने स्लाऊला त्याचा फोन आला. "आई, सगळं जमलं! सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. आता तुझी ये-जा बंद. जिने चढायला नकोत, बॅग भरायला नको. तू स्लाऊलाच सेटल हो."

"आणि घरी?"

"घरी काय? तुझं घर इथेच आहे ना."

चूक माझी होती. विहीणबाई आल्याने त्यांना काय मिळेल ते मी नीट सांगितलं होतं. मला पाठवल्याने कोणाला काय मिळेल ते सांगितलं नव्हतं, कारण काहीच मिळणार नव्हतं. धाकटी सून सकाळी सातला एका वेअरहाऊसच्या ऑफिसात जायची. मी कायमची राहणार म्हटल्यावर तिने तिथे तास वाढवून घेतले.

स्लाऊच्या माझ्या खोलीत पलंग आणि खिडकी एवढंच मावायचं. खिडकीतून पत्र्याची राखाडी भिंत दिसायची, लांबच लांब, कसल्यातरी गोदामाची. वॉटफर्डला निदान बास्केटबॉल होता. इथे मी सकाळी वीस पोळ्या करायचे आणि मग भिंत बघायचे.

एका सोमवारी मी लाटणं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर येऊन बसले. हात दुखतो असं सांगता आलं असतं, पण खोटं कशाला? "मी पोळ्या करणार नाही," मी धाकट्याला म्हणाले. "मला घरी पाठवा. पाठवेपर्यंत मी बसून राहणार."

माझा अंदाज तीन दिवसांचा होता. एक बाई उठली की लग्नाची रांग कशी कोलमडते ते मी आयुष्यभर बघितलं होतं. तीन दिवस ते पाव खातील आणि चौथ्या दिवशी पासपोर्ट येईल.

चौथ्या दिवशी धाकट्याने फ्रोझन पोळ्यांची सहा पाकिटं आणली. माझी नऊ वर्षांची नात तव्यावरची पहिलीच पोळी खात म्हणाली, "आजी, हा पोळी नाइस आहे. सॉफ्ट आहे."

मीही एक खाल्ली. सगळीकडून सारखी होती, गोल होती, मऊ होती. मी बायका निवडत होते तेव्हा ही पोळी लाटणाऱ्या बाईला मी शेजारणीचं पोळपाट न बघताच कामावर घेतलं असतं. सगळ्यांची किंमत मी बरोबर केली, स्वतःची केली ती भलतीच.

कोणी माझ्यावर रागावलं नाही. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. नात शाळा सुटल्यावर शेजारच्या बाईकडे थांबायला लागली. सून व्हॅक्यूम फिरवताना म्हणायची, "आई, पाय वर घेता?" मी पाय वर घ्यायचे, ती खालून फिरवायची आणि पुढे जायची. असे दीड-दोन महिने गेले. मग मला भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं, पोरगी मोठी होतेय, तिला स्वतःची खोली पाहिजे.

त्या आठवड्यात धाकटा माझ्या पलंगावर येऊन बसला. "आई, तुझं मन लागत नसेल तर आम्ही काही तुला कोंडून ठेवणार नाही."

"बरं," मी म्हणाले. मला हवं ते मिळालं होतं. ते कसं मिळालं तेही मला कळत होतं.

पासपोर्ट त्याच कार पार्कमध्ये मिळाला. थोरल्याने फाइल धाकट्याकडे दिली, मी मध्येच हात घालून ती घेतली आणि पासपोर्ट काढून बटव्यात किल्लीशेजारी ठेवून दिला.

विमानतळावर दोघेही आले होते. बॅगेचं वजन झालं, पावती मिळाली. मग थोरला म्हणाला, "तुझी गोळेवाली आठवते? तिचा नवा क्लब फायनलला गेलाय."

"आणि तुझा चोवीसवाला?"

"आम्ही कधीच बाहेर पडलो."

"मी म्हणाले होते, देऊ नये."

"हो. म्हणाली होतीस." तो बॅगेच्या पावतीकडे बघत राहिला, मग एकदम म्हणाला, "आई, राहा ना. काहीतरी करू. सासूबाई सप्टेंबरला जातायत, खोली रिकामी होईल."

त्याला ते त्या घटकेला खरंच वाटत होतं. मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"पुढे पुष्कळ माणसं उभी आहेत," मी म्हणाले, आणि तपासणीच्या रांगेत जाऊन लागले.