गुबगुबीत नव्हे, सुजलेलं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फिलिपिन्समधल्या लिपा शहरातल्या रेमी बाईंनी चौथं पिल्लू स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं. त्यांच्या बुलडॉग कुत्रीला काल चार पिल्लं झाली. जन्मताना तीन दोनशे ग्रॅमची भरली, हे एकटं तीनशे दहाचं.

शेजारीण नेनिता आत आली; रेमी बाईंना ती 'आते', म्हणजे ताई म्हणे. "आते रेमी, काय गुबगुबीत गं!" म्हणत तिने दृष्ट लागू नये म्हणून थुंकी लावलेला अंगठा पिल्लाच्या पोटावर टेकवला.

"हात काढ! गुबगुबीत नाही, सुजलंय ते. जन्मतःच कातडीखाली पाणी भरलंय. कालपासून थुंकी लावणारी तू पाचवी!"

"मग वाचेल का?"

"सूज फार असती तर जन्मताच गेलं असतं. डॉक्टरांनी लघवी होण्याचं इंजेक्शन दिलंय. बाकीच्यांचं वजन वाढायला हवं, याचं घटायला हवं."

काटा दोनशे शहाण्णववर थांबला. चौदा ग्रॅम पाणी गेलं होतं.

"बघ, माझ्या थुंकीचा गुण!" नेनिता म्हणाली.

रेमी बाईंनी कोमट पाण्याच्या बोळ्याने पोट पुसलं. उद्याचं वजनही सहा दहालाच होईल, दाराला आतून कडी लावून.