अकराच्या आत जनावरं कॉम्प्युटरवर

दुष्काळात चारा संपतो, किस्से मात्र उरतात. माझ्याकडं तर त्यांची गंजीच लागलीय.

शिरूर कासारकडं एका सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. तिथल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन मी बनवलेला. रोज अकराच्या आत जनावरांची नोंद तालुक्याला गेली, तरच चाऱ्याचा ट्रक निघायचा. अन् नोंद करणार कोण, तर सोसायटीचे सेक्रेटरी नाना. उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेला माणूस. सकाळपासून माझे डोळे घड्याळावर.

*

पहिल्या दिवशी नानांनी आकडा भरला. स्क्रीननं विचारलं, ‘नक्की का?’ नाना उठून बाहेर गेले, ते घामाघूम होऊनच परतले.

"कुठं गेलता, नाना?"

"ते इच्यारतंय ना, नक्की का म्हणून. परत मोजून आलो."

मी तो प्रश्नच काढून टाकला.

*

दुसऱ्या दिवशी नाना बटण दाबतच राहिले.

"कावून दाबताय एवढं?"

"हूं न्हाई का चूं न्हाई. त्यानं ऐकलं हे कळावं कसं?"

तालुक्याला एकच छावणी नऊ वेळा पोचली. मी ‘नोंद मिळाली, नाना’ असं उमटवलं. नाना स्क्रीनला म्हणाले, "बरं."

*

मग ‘बाहेर’चं बटण. जनावर कायमचं घरी नेलं तर ते दाबायचं. सगळी जनावरं टँकरवर पाण्याला गेली, तर नानांनी इमानदारीत एकेकाला बाहेर काढलं. अकराला कॉम्प्युटरवर छावणी रिकामी, ट्रक तालुक्यालाच जागेवर. दिवसभर नुसतं हंबरणं. आपली गाय घेऊन छावणीत राहिलेली शेवंताबाई रिकाम्या गव्हाणीपाशी बसलेली. म्हणाली, "इंजिनेर, पाणी प्यायला गेलं की गाव सुटतंय व्हय रं?"

बटणावरचं नाव मी उभ्या उभ्याच बदलून ‘कायमचं घरी’ केलं.

*

पुढं शेवंताबाईचीच गाय, अकराला दहा कमी असताना व्यायला लागली. नानांनी घाईत ‘नवीन वासरू’ उघडलं. झालं! रंग भरल्याशिवाय तो फॉर्म बंद होईना, अन् तो बंद झाल्याशिवाय बाकीच्या जनावरांची नोंद जाईना. हे करून ठेवलेलं मीच. वासराचे नुसते पाय बाहेर. मी गायीकडून कॉम्प्युटरकडं, कॉम्प्युटरकडून गायीकडं.

"नाना, काळं टाका, काहीबी टाका."

"खोटं कसं लिहू रं? अजून दिसलं न्हाई ते."

दोन मिनिटं राहिली. नानांनी दारातून वाकून बघितलं, चष्मा नीट केला, एका बोटानं टाइप केलं अन् बटण दाबलं.

दुपारी ट्रक आला. ड्रायव्हरनं तालुक्याहून छापलेली यादी आणली होती. शेवटची ओळ :

‘रंग – पाय पांढरे. बाकी येतंय.’